निळा धूर कधी येतो?

संध्याकाळी काटई नाक्याकडून मानपाड्याकडे यायला निघा. गाड्या थांबत, सरकत, पुन्हा थांबत चाललेल्या असतात. एखादी जुनी गाडी बराच वेळ उभी राहून पुढे निघते आणि तिच्या सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर येतो. जळक्या तेलाचा तो वास काचा बंद असल्या तरी आत शिरतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. दाट पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढे काय करायचं यावर, आणि तो मी नुकताच माझ्याच गाडीशेजारी उभा राहून ऐकला.

गाडी अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पासिंग एमएच ०५. धूर पाहून एका गॅरेजनं तिथल्या तिथं ‘इंजिन काम’ सांगितलं होतं. म्हणून मी ओळखीतल्या मामा-भाच्यांना बोलावलं. मामा मूळचे फिटर. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, १९९०च्या दशकात तिथं प्यूजोची ३०९ बनत असे. मामांचा हात तिथं बसला, आणि नंतर कल्याणात त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं. भाचा ठाण्यात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. दोघांचाही गाड्यांशी रोजचा संबंध, बघायची रीत मात्र अगदी वेगळी.

भाचा : काका, स्पष्ट सांगतो. हिच्यात पैसे घालू नका. गाडीची किंमत आज दीड लाखाच्या आसपास. इंजिन काम म्हणजे चाळीस हजारांच्या खाली काही येत नाही. महिन्याला अर्धा लिटर ऑइल वरून घातलं तरी वर्षाला तीन हजार. हिशेब तुमच्यासमोर आहे. चालवायची तर ऑइल घालत चालवा, नाहीतर आहे तशी मला द्या.

मामा : इंजिन काम आहे हे कोणी ठरवलं?

भाचा : गॅरेजवाल्यानं.

मामा : त्यानं काय बघितलं?

भाचा : धूर बघितला. निळा आहे, कोणालाही दिसतोय.

मामा : कधी बघितला? सकाळी पहिल्या स्टार्टला? रेस दिल्यावर? उतार संपल्यावर? निळा धूर नुसता दिसून भागत नाही रे. तो कधी येतो ते कळलं पाहिजे.

मामांनी मग माझी उलटतपासणी घेतली. गाडी रात्री कुठं उभी असते, सकाळी किती वाजता चालू होते, धूर किती वेळ राहतो, चढावर मागं बघितलंय का. मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देता आली. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर धूर येतो आणि मग थांबतो, आणि सिग्नलवर बराच वेळ थांबून निघाल्यावर पुन्हा एक लोट येतो, एवढं मी खात्रीनं सांगू शकलो.

मामा : मग आधी व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यायचा. व्हॉल्व्हची दांडी गाइडमधून सारखी वरखाली होते. तिला वंगण लागतं, पण मोजकंच. म्हणून दांडीवर रबराचं एक लहानसं सील बसवलेलं असतं. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेनं ते रबर कडक होतं, त्याची पकड जाते. रात्री गाडी उभी असताना हेडमधलं ऑइल दांडीवरून हळूहळू खाली उतरतं आणि सिलिंडरमध्ये साचतं. सकाळी स्टार्ट मारला की ते जळतं. साठा संपला, धूर बंद.

भाचा : आणि सिग्नलवरचा?

मामा : त्याचंही मूळ तेच. पेट्रोल इंजिन आयडलला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते. ही ओढ सीलमधून ऑइल खेचते. दहा मिनिटं असं चाललं आणि मग पाय दाबला की साचलेलं सगळं एकदम जळतं. शीळ रोडवर रोज जे दिसतं ते बहुतेक हेच. उतारावरही तसंच होतं. गायमुखचा उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरायचा, खाली आल्यावर पाय दाबायचा आणि आरशात बघायचं. मुरबाडकडून माळशेज चढून परत उतरलात तर आणखी स्वच्छ कळेल. उतार संपल्यावर लोट आला तर सील किंवा गाइड. चढावर, गाडी भरलेली असताना, पाय दाबून ठेवला तोवर धूर येतच राहिला तर रिंग किंवा बोअर. तिथं मात्र इंजिन उघडायची गोष्ट निघते.

भाचा : मामा, हे सगळं खरं असेल. पण एवढं बघायला वेळ कोणाला आहे? माझ्याकडे ग्राहक संध्याकाळी कामावरून सुटल्यावर येतो. गाडी मी आधीच चालू करून ठेवलेली असते. तो चक्कर मारतो, पिकअप बघतो, एसी बघतो.

मामा : म्हणजे सकाळचा धूर त्याला दिसतच नाही. ताप उतरायची गोळी देऊन पेशंटला डॉक्टरसमोर उभं करण्यासारखं आहे हे.

भाचा : मी कुणाला खोटं सांगत नाही. विचारलं तर सांगतो. आणि ऑइल खाणारी गाडी मी घेतानाच पैसे कमी देतो, विकतानाही कमीच लावतो. धुराचा भाव त्यात धरलेला असतो.

माझं या मुद्द्यावर भाच्याशी जमलं नाही, आणि ते मी त्याला तिथंच सांगितलं. जुनी गाडी बहुतेक वेळा पहिल्यांदाच गाडी घेणारं कुटुंब घेतं. बदलापूर-टिटवाळ्याला घर घेतलेलं, कर्जाचे हप्ते चालू असलेलं, आई-वडिलांना दवाखान्यात नेता यावं म्हणून साठवलेले पैसे पुढे ठेवणारं. धुराचा भाव किमतीत धरलाय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. विचारलं तरच सांगायचं, हा नियम ज्याला प्रश्न माहीत आहेत त्याच्या सोयीचा आहे.

पण भाच्याचा पुढचा मुद्दा मला टाळता आला नाही, आणि मामांनाही.

भाचा : बरं, मी गरम गाडी दाखवतो. तुमच्या धंद्यात काय चालतं? धूर दिसला की सरळ इंजिन काम. एकदा हेड उतरवलं की गॅस्केट आलं, लेथवाला आला, चेन किट आलं, वॉटर पंप आला. पंधराची गोष्ट पन्नासवर जाते. आणि उघडलेलं इंजिन परत नीट बांधणारे हात किती उरलेत? बोअरचं होनिंग नीट नाही, रिंगांची तोंडं एका रेषेत राहिली, हेड टॉर्क रेंचशिवाय हातानं आवळलं. सहा महिन्यांत पुन्हा धूर. ‘नुकतंच इंजिन काम केलंय’ असं कोणी कौतुकानं सांगितलं की मी उलट जास्त घाबरतो. इंजिन काम झालेल्या गाडीपेक्षा थोडं ऑइल खाणारी, न उघडलेली गाडी मला चालते.

मामा : हे तू बरोबर बोललास. म्हणूनच मी म्हणतो, शेवटच्या क्षणापर्यंत उघडायचं नाही. उघडायच्या आधी बघण्यासारखं इतकं असतं. पहिली ती ऑइलची काठी. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, काठी पुसायची, पुन्हा घालून बघायची. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर निम्मा तपास तिथंच झाला. इंजिनला तीन लिटर लागतं, डबा साडेतीनचा येतो, आणि उरलेलं कुठं ठेवायचं म्हणून सगळा डबा ओततात. मग क्रँक त्या ऑइलमध्ये फिरतो, फेस होतो, ब्रीदरच्या नळीतून ऑइल सरळ इनटेकमध्ये जातं. जादाचं काढलं की काही दिवसांत धूर थांबतो.

भाचा : आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह.

मामा : हो, तुला माहीत आहे की! क्रँककेसमधली वाफ परत इनटेकला नेणारा एवढासा व्हॉल्व्ह. उघडा अडकला तर ऑइल खेचून घेतो, बंद अडकला तर आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेनं वर येतं. काढून हलवला की बहुतेक गाड्यांत आत खुळखुळ वाजायला हवी. बदलायला काही शेकड्यांचा खर्च. मग ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू ठेवून काढायचं. थोडी वाफ सगळ्याच जुन्या गाड्यांत येते. पण भकाभक फुंकर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे जळलेला गॅस रिंगांच्या बाजूनं खाली उतरतोय. त्यानंतर प्लग काढून ओळीनं मांडायचे. एकच प्लग काळा आणि ओला असेल तर आजार एकाच सिलिंडरचा. चारही ओले असतील तर वेगळा विचार.

भाचा : मग कॉम्प्रेशन.

मामा : इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का बघायचं. एखादा खाली असेल तर प्लगच्या भोकातून त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर ऑइलनं रिंगेची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंग-बोअरचा. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट गेलंय. अजून खात्री हवी तर सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं. काठीच्या नळीतून आवाज आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

इथं मामांनी एक गोष्ट सांगितली, जी मला या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाची वाटली. कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात आणि सर्वांत खालची रिंग बोअरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. ही खालची रिंग कार्बननं खाचेत चिकटून बसली, तर दाबाचे आकडे छान येतात आणि गाडी तरीही ऑइल खाते. अशा गाडीत सकाळचा ठळक लोट नसतो. कधी कधी तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर जाळून टाकतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त काठीवरची पातळी उतरत जाते. आणि बिघडलेल्या सीलचा तर कॉम्प्रेशनच्या आकड्याशी संबंधच नसतो. म्हणजे यंत्रानं मोजलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय निदान होत नाही.

भाचा : ती चिकटलेली रिंग डोंबिवलीच्या गाड्यांत फार सापडते. लोक लोकलनं जातात. गाडी आठवडाभर बिल्डिंगखाली उभी, किंवा घर ते स्टेशन, फार तर रविवारी टिटवाळ्याचा गणपती. अकरा वर्षांत तीस-पस्तीस हजार किलोमीटर. ग्राहक मीटर बघून खूश होतो. मी होत नाही. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही, आतलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, ऑइलचा चिखल होतो. वर मालक म्हणतो, पाच हजार किलोमीटरही झाले नाहीत, ऑइल कशाला बदलू? दोन-दोन वर्षं तेच ऑइल.

मामा : किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला ऑइल बदलायचं असतं, पुस्तिकेतही लिहिलेलं असतं. अशी रिंग सोडवायला आधी इंजिन उघडायची गरज नाही. प्लगच्या भोकांतून कार्बन सोडवणारा द्रव पिस्टनवर टाकून रात्रभर ठेवतात. सकाळी प्लग न लावता इंजिन फिरवून ते सगळं बाहेर फेकायचं. ही पायरी विसरायची नाही, नाहीतर द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा आणि पुढची दोन-तीन ऑइलं लवकर लवकर बदलायची. प्रत्येक वेळी गुण येतोच असं नाही. आला तर हजारोंची बचत.

भाचा : आणि पुरात बुडालेल्या गाड्या. २६ जुलै २००५ला कल्याणमध्ये केवढ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९च्या जुलैत उल्हास आणि वालधुनी नद्या भरल्या तेव्हाही तेच. सिलिंडरमध्ये पाणी शिरून काही दिवस राहिलं तर बोअरला गंज धरतो. वरून सीट-कार्पेट बदलून गाडी चकाचक करतात, आणि सहा महिन्यांनी धूर सुरू. तिथं मी किंमतच लावत नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघतो, शेवटाला गाळाची रेघ असते.

हे ऐकताना जाणवलं, की भाच्याला इंजिन कळत नाही असं मुळीच नाही. त्याला ते नीट कळतं. ते कळलेलं ग्राहकापर्यंत पोचवायचं की नाही, एवढाच मामांचा आणि त्याचा खरा झगडा होता.

भाचा : ते राहू दे. माझा साधा उपाय सांगतो. २०डब्ल्यू-५० घाला, सोबत एक धूर-बंदची बाटली. धूर निम्मा होतो.

मामा : पद्मिनी गाडीच्या काळातली सवय ही. तेव्हाच्या इंजिनात फटीच तेवढ्या मोठ्या होत्या, जाड ऑइल चालायचं. आताच्या इंजिनांना ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल लागतं. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, वाटा बारीक असतात. जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा फिरतो. पुस्तिकेत दोन ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाड घे, माझी ना नाही. त्यापलीकडे जाऊन धूर दडवायचा नाही.

भाचा : पीयूसी आहे की पास झालेली!

मामा : पेट्रोल गाडीच्या पीयूसीत काय मोजतात? आयडलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. धुराची दाटी मोजतात ती डिझेलची. सकाळी मिनिटभर येणारा धूर गरम इंजिनच्या पीयूसीत सापडणार कसा? सर्टिफिकेट आहे म्हणून धूर गेला असं नाही. आणि रस्त्यावर पकडलं तर कलम १९०(२) आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

भाचा : कारखान्यांच्या धुराला कोण विचारतं? एका गाडीच्या एवढ्याशा धुरानं काय होणार आहे?

डोंबिवलीत राहणारा माणूस हे वाक्य फार सहज बोलतो. २०१४च्या जानेवारीत इथं हिरवा पाऊस पडला. २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहणीला यावं लागलं. एवढं सोसल्यावर गाडीचा धूर क्षुल्लक वाटतो. मला तो वाटत नाही. कारखान्याची चिमणी उंच असते, सायलेन्सर मात्र रस्त्यावरच, शाळेत चालत निघालेल्या पोराच्या अगदी जवळ असतो. जळक्या ऑइलचे सूक्ष्म कण थेट त्याच्या छातीत जातात. शिवाय गाडीवाल्याचाही तोटा आहेच, आणि तो भाच्याच्या तीन हजारांच्या हिशेबात धरलेला नव्हता. ऑइलमधलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतल्या थरावर बसत जातं आणि तो निकामी होतो. नवा कन्व्हर्टर बसवायचा तर खर्च बहुतेक वेळा सील बदलण्याच्या कितीतरी वर जातो.

मग बोलणं डिझेलवर गेलं, आणि तिथं दोघांचा सूर एकदम एक झाला. रांजणगावला तयार व्हायचं ते फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन किती कंपन्यांच्या गाड्यांत बसलं! ठाणे जिल्ह्यात तशा जुन्या डिझेल गाड्या अजून भरपूर फिरतात. टर्बो असलेल्या गाडीचा निळा धूर बघताना आधी टर्बोकडे बघायचं, इंजिनकडे नंतर. इंटरकूलरची नळी काढून आत किती ऑइल साचलंय ते बघतात. थोडा ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही. टर्बोचा दांडा बोटांनी हलवून त्यातली ढील तपासतात. घोडबंदर रोडवरून जोरात येऊन लगेच इंजिन बंद केलं की टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथंच करपतं. अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून मग बंद करायचं.

भाचा : आणि टर्बोचा धूर कधीही ‘चालेल अजून थोडे दिवस’ म्हणून सोडू नये. सील पूर्ण गेलं तर इंजिन डिझेलऐवजी स्वतःचं ऑइलच जाळायला लागतं आणि आपोआप रेस होत जातं. चावी काढली तरी बंद होत नाही. मी एकदा बघितलंय, सगळीकडे धूर आणि माणसं पळतायत.

मामा : मॅन्युअल गाडी उभी असेल तर पूर्ण ब्रेक दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. ते जमलं नाही तर गाडीतून उतरून लांब जायचं. इंजिन फुटलं तर तुकडे उडतात.

माझ्या गाडीचा तपास मामांनी रविवारी सकाळी, बॉनेट थंडगार असताना केला. सायलेन्सरमागं पांढरा रुमाल धरला, त्यावर तेलाचे बारीक ठिपके आले. काठी बरोबर होती, पीसीव्ही वाजत होता, झाकण काढल्यावर फुंकर नव्हती. गाडी गरम झाल्यावर कॉम्प्रेशन घेतलं. चारही आकडे एकमेकांना धरून. मुरबाड रोडच्या चढावर धूर नाही. म्हणजे सील.

मामा : हेड उतरवायचं नाही. एकेका सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वरच धरून ठेवायचे, स्प्रिंग दाबून लॉक काढायचे, जुनं सील ओढून नवं बसवायचं. तेव्हाच दांडी हलवून गाइडमधली ढील बघायची. गाइड झिजलेला असेल तर नवं सील लवकर जातं, मग हेडचं काम वेगळं. तसं नसेल तर सीलचा सेट आणि मजुरी धरून पाच-सात हजारांत बसायला हवं.

भाचा : ठीक आहे. चाळीस हजारांचं सात हजारांवर आलं, मी माझा सल्ला मागं घेतो. काका, सील बदला. बिल आणि कॉम्प्रेशनचे आकडे लिहून ठेवा. विकायची झाली तर मी ते ग्राहकाच्या हातात देईन.

मामा : आणि गाडी थंड दाखवशील?

भाचा : ही दाखवीन. बाकीच्यांचं आत्ता कबूल करत नाही.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, पण ताणलं नाही. मला म्हणाले, सील बदलल्यावर लगेच धूर थांबला नाही तर घाबरू नका. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल बसलेलं असतं, ते जळून जायला काही दिवस लागतात. काठी वरच्या खुणेला आणून मीटरचा आकडा लिहायचा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघायची, तशीच सपाटीवर, तशीच थंड.

भाचा : आणि पातळी तरीही उतरली तर?

मामा : तर आधी तो कार्बन सोडवणारा द्रव टाकून बघू. मग रिंगांचं बोलू. त्याच्या आधी नाही.